मोरीतली रेंज

आमच्या गिरगावातल्या घरात मोबाइलला रेंज नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. रेंज आहे. ती मोरीत आहे.

ज्यांनी चाळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली तीन बाय चारची, वीतभर कठड्याची जागा. तिथे अंघोळी होतात, भांडी घासली जातात, कपडे भिजतात आणि गेली काही वर्षं आमच्या घराचं सगळं दळणवळणही तिथूनच चालतं. मोरीच्या वर एक झरोका आहे. त्यातून सकाळी ऊन, दुपारी समोरच्या वाडीतल्या तळणीचा वास आणि चोवीस तास तीन काड्या आत येतात. बाहेरच्या खोलीत एकच काडी, तीही नव्या नवरीसारखी उंबऱ्यावर उभी, आत येऊ की नको करत असलेली. कपाटापाशी गेलं की फोन सरळ हात वर करतो.

रेंजच्या रेघांना ‘काड्या’ म्हणायचं कुणी ठरवलं कोण जाणे, पण ठरवणारा चाळीतलाच असणार. आमच्याकडे काड्यांची टंचाई कधीच नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकेका दिवसात पाच-पाच काड्या केलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना त्यासाठी कुठलाही टॉवर लागला नाही.

2020 सालच्या टाळेबंदीत माझं ऑफिस घरी आलं ते थेट मोरीत. चौरंगावर मी, मांडीवर लॅपटॉप, पाठीमागे तांब्याचा बंब आणि आजीचा पितळी हंडा. पुण्याच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. “यांचा बॅकग्राउंड बघा सगळ्यांनी. काय अँटिक आहे! खरा आहे की लावलाय?” मी “वडिलोपार्जित” एवढंच म्हणालो. पुढे तिमाहीचा आढावा ऐन रंगात आला असताना गॅलरीतून “पाणी आलंऽऽ” अशी आरोळी उठली आणि मला मीटिंग सोडून उठावं लागलं. साहेबांना कारण दिलं, टेक्निकल इश्यू.

अशा या आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या दिव्याच्या खांबावर ‘स्मॉल सेल’ बसणार, ही बातमी भाच्याने आणली. भाचा टेलिकॉममध्ये आहे. कुठल्या कंपनीत, ते तो चाळीत सांगत नाही. एकदा चुकून सांगितलं होतं, तर लोक त्याच्याकडे रिचार्जचे पैसे परत मागायला लागले. ‘सेल’ शब्द कानावर पडताच बायकोने विचारलं, “दादरला की इथेच?” आणि पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी मनगटावरचं घड्याळ काढून भाच्यापुढे धरलं. “यात बसतोय का बघ. छोटाच लागतो.”

भाच्याने लाइट बिलाच्या पाठीवर मधमाश्यांचं पोळं काढलं. म्हणाला, “मामा, मोबाइलचं जाळं असं असतं. प्रत्येक खण म्हणजे एक सेल. खणाच्या मध्ये एक टॉवर. त्या टॉवरकडे जी काय ताकद असेल, ती त्या खणातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची. पन्नास माणसं असली तर पोटभर जेवण. पाच हजार झाली की प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर तीर्थ.”

“आणि माणसं वाढली म्हणून नव्हे,” तो पुढे म्हणाला, “माणसं तेवढीच आहेत. भूक वाढली.” ते खरंच होतं. मार्च 2014 मध्ये आपल्या देशात इंटरनेट वापरणारा माणूस मोबाइलवर महिन्याला सरासरी 62 एमबी डेटा खर्च करत असे. दहा वर्षांत तो 20 जीबीच्या वर गेला. म्हणजे तीनशे पटींहून जास्त. माझ्या पगाराचं नि या आकड्याचं तेव्हा एकाच वर्षी प्रस्थान झालं होतं, पगार अजून ठाकुरद्वारच्या सिग्नललाच उभा आहे.

मग यावर उपाय काय? एक तर सरकारकडून आणखी लहरी विकत घ्यायच्या, नाहीतर यंत्रं अधिक हुशार करायची. तिसरा उपाय म्हणजे खण लहान करायचे. एका मोठ्या टॉवरऐवजी दिव्याच्या खांबावर, बसस्टॉपवर, भिंतीवर बुटांच्या खोक्याएवढे डबे बसवायचे. त्यांनी हळू आवाजात, आपापल्या गल्लीपुरतं बोलायचं. आवाज गल्लीबाहेर गेला नाही की तीच लहर दोन गल्ल्या सोडून पुन्हा वापरता येते.

मला हसू आलं. यासाठी इंजिनीअर कशाला व्हायला हवं? गच्चीवर उभं राहून “बाळ्याऽऽ” अशी हाक मारली तर चार वाड्यांमधले सात बाळ्या वर बघतात, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणालाही हाक मारायची सोय राहत नाही. हा झाला टॉवर. पण त्याच चाळीतल्या वीस खोल्यांमध्ये वीस जोडपी रात्री अकरा वाजता एकाच वेळी, एकाच विषयावर भांडू शकतात आणि कुणाचं कुणाला आड येत नाही. अट एकच, आवाज भिंतीपलीकडे जाऊ द्यायचा नाही. याला रेडिओच्या भाषेत फ्रिक्वेन्सी रीयूज म्हणतात. आमच्याकडे संसार म्हणतात.

भाचा गप्प झाला. मग मी त्याला हँडओव्हर समजावून सांगितला. चालत्या माणसाचा कॉल एका खणातून दुसऱ्या खणात न तुटता कसा जातो, याचं त्याला फार अप्रूप होतं. मी दीड वर्षांचा असताना रांगत गॅलरीत निघालो की पहिल्या खोलीतल्या आजी “आला गं तुझ्याकडे” म्हणायच्या आणि त्यांचं म्हणून होईपर्यंत शेजारच्या मावशी उंबऱ्यात येऊन बसलेल्या असायच्या. मधला क्षणभर दोघींची नजर माझ्यावर असे. जिन्यापर्यंत बारा खोल्या, बारा हँडओव्हर, आणि माझ्या आईचा एकही कॉल कधी ड्रॉप झाला नाही. “मामा, हा तर सॉफ्ट हँडओव्हर,” भाचा पुटपुटला. असेल. मावशींच्या हाताचा फटका मात्र सॉफ्ट नव्हता.

मोठ्या टॉवरचा खरा पूर्वज म्हणजे गिरणीचा भोंगा. लालबागच्या आमच्या आत्याचं अर्धं आयुष्य भोंग्यावर चाललं. भोंगा झाला की डबा भरायचा, भोंगा झाला की चहा ठेवायचा. एकच आवाज, साऱ्या गिरणगावासाठी, आणि उलट उत्तर द्यायची सोय नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हळूहळू तो आवाज थांबत गेला. आत्या अजून कधी कधी दुपारी मध्येच थबकते आणि “किती वाजले रे?” विचारते. हातात स्मार्टफोन असतो तिच्या.

त्याच 1982 साली मुंबईतल्या टेलिफोनला शंभर वर्षं पूर्ण झाली. 28 जानेवारी 1882 ला मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. शताब्दी झाली तेव्हा आमच्या चाळीत फोन होता एक. तळमजल्यावरच्या वाण्याकडे. माझ्या मुंजीच्या पत्रिकेवर त्याचाच नंबर छापला होता, पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं लावून. फोन आला की दुकानातला पोऱ्या चौकात येऊन ओरडे, “तिसरा मजलाऽऽ, बडोद्याहून फोऽऽन!” वायर दुकानापर्यंत, पुढे पोऱ्या. हल्लीचे लोक ‘लास्ट माइल कनेक्टिव्हिटी’ म्हणून ज्याच्यावर परिसंवाद घेतात, तो आमच्याकडे अर्ध्या चड्डीत होता आणि त्याला कधी रिचार्ज लागला नाही. दिवाळीला पोस्त द्यावं लागे एवढंच.

आता थोडं इतिहासात शिरतो, कारण 1947 हे साल या प्रकरणात भलतंच महत्त्वाचं निघालं. त्या वर्षी देश स्वतंत्र झाला हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या खांबाच्या दृष्टीने त्या वर्षी आणखी तीन गोष्टी झाल्या. एक, 7 ऑगस्टला बेस्ट कंपनी मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली, म्हणजे शहरातले दिव्याचे खांब मुंबईकरांचे झाले. दोन, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याने जुनी घरभाडी सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर बांधून टाकली. आणि तीन, डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डी. एच. रिंग नावाच्या गृहस्थाने एक टिपण लिहून, फोनसाठी शहराचे असे षटकोनी खण पाडावेत, ही कल्पना मांडली.

रिंगसाहेबांची कल्पना पुढे कित्येक वर्षं कागदावरच राहिली. तोवर अमेरिकेतही एकाच उंच अँटिनावर भागवलं जाई. सत्तरच्या दशकात अख्ख्या न्यूयॉर्कमध्ये गाडीतल्या फोनवरून एका वेळी जेमतेम बारा माणसं बोलू शकत आणि हजारो लोक प्रतीक्षायादीवर होते. हे वाचून मला न्यूयॉर्कबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. मग 3 एप्रिल 1973 ला मार्टिन कूपर हे मोटोरोलाचे इंजिनीअर हातात विटेएवढा फोन घेऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहिले आणि हातात धरायच्या मोबाइलवरून जगातला पहिला कॉल त्यांनी केला. कुणाला? बायकोला नाही, आईला नाही, साहेबाला नाही. बेल लॅब्जमधले आपले प्रतिस्पर्धी जोएल एंगल यांना. मी रस्त्यावरून मोबाइलवर बोलतोय, एवढंच कळवायला. जगातला पहिला मोबाइल कॉल ही शुद्ध काडी होती. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून समाधानाने मान हलवली.

भारतात हा मान 31 जुलै 1995 ला कोलकात्याला गेला. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आमच्या चाळीत तेव्हा मोबाइल असलेला एकच माणूस होता आणि मोबाइल वाजला की तो कापायचा.

भाडेनियंत्रणाकडे वळतो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. ऑगस्ट 2022 मध्ये दोन घटना घडल्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला 5जीच्या लहरींचा लिलाव संपला आणि कंपन्यांनी हवेसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपये मोजायचं कबूल केलं. आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने नियम बदलले. दिव्याच्या खांबासारख्या रस्त्यावरच्या सामानावर स्मॉल सेल लावायचा असेल तर शहरात खांबामागे वर्षाला 300 रुपये, खेड्यात 150.

भाच्याला यातली गंमत कळेना. डोंबिवलीत वाढलेला मुलगा, त्याचा काय दोष? गिरगावातला कुठलाही भाडेकरू हे वाचून ताडकन उठून बसेल. आधी एकरकमी डोळे पांढरे होतील एवढा आकडा, आणि मग नंतर वर्षानुवर्षं नाममात्र भाडं. ही पागडी आहे! शुद्ध, सात्त्विक, आमच्या वाडवडिलांनी दिली तशी पागडी. माझ्या आजोबांनी ही खोली घेतली ती याच तत्त्वावर. फरक इतकाच की कंपन्यांची पागडी वीस वर्षांत संपते, आणि आमच्या आजोबांनी दिलेली पागडी अजून तिसऱ्या पिढीच्या छपरावर उभी आहे. छप्पर गळतं, पण उभं आहे.

पुढे चाळीची सभा झाली. सभा म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला टेकून जेवढे मावतील तेवढे आणि बाकीचे जिन्यात. खांब रस्त्यावरचा, डबा कंपनीचा, वीज खांबाची. चाळीची परवानगी कुणी मागितलीच नव्हती. त्यामुळे ती द्यायची की नाही यावर अडीच तास चर्चा झाली.

पहिला मुद्दा किरणांचा. हा मुद्दा मांडणारे गृहस्थ रात्री मोबाइल उशीखाली ठेवून झोपतात. भाच्याने सांगितलं की आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. कुणाचंच समाधान झालं नाही, कारण आकडा कमी होता. आकडा मोठा असता तर विश्वास बसला असता. मग त्याने दुसरी बाजू सांगितली. टॉवर लांब असला की तुमच्या हातातल्या फोनला जोरात ओरडावं लागतं. सेल जवळ असला की फोन हळू बोलतो, बॅटरीही कमी खातो. यावर पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “जवळ असला की हळू बोलतो? आमच्याकडे उलट आहे.” त्यांचे यजमान जिन्यात होते, तिथून काही आवाज आला नाही.

दुसरा मुद्दा मंडळाचा. त्याच खांबावर मंडळाचा फ्लेक्स लागतो, शुभेच्छुकांच्या तेवीस फोटोंसकट. डबा आला तर शेवटचे चार शुभेच्छुक झाकले जाणार. हा मुद्दा गंभीर होता आणि तो पुढच्या सभेवर ढकलला गेला.

तिसरा मुद्दा भाड्याचा. “खांब आपल्या दारात, मग 300 रुपये आपल्याला का नाहीत?” हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्याकडे चाळीचा चार महिन्यांचा मेंटेनन्स थकला होता. सेक्रेटरींनी तेवढ्यापुरती सभा तहकूब केली.

रेंजची ही भानगड फक्त आम्हा चाळकऱ्यांची आहे, असं समजून आम्ही बरीच वर्षं न्यूनगंडात काढली. तो माझ्या शाळेतल्या मित्राने घालवला. तो परळला, जिथे पूर्वी गिरणीची चिमणी होती त्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौतिसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे वास्तुशांतीला गेलो. हॉलच्या काचेतून शिवडीची खाडी, बंदर, सगळं दिसत होतं. मोबाइलचे टॉवरही दिसत होते, डझनभर, सगळे आपल्या खाली. मी म्हटलं, “काय मस्त रेंज असेल रे!” त्याने मान खाली घातली.

भाच्याने नंतर उलगडा केला. मोबाइलच्या अँटिना जमिनीकडे झुकवलेल्या असतात, कारण गिऱ्हाईक खाली असतं. चौतिसाव्या मजल्यावर चहूकडचे डझनभर टॉवर एकाच वेळी अस्पष्ट ऐकू येतात आणि कुणाचं ऐकावं हे फोनला कळेनासं होतं. लग्नाच्या मांडवात एकाच वेळी सहा आत्यांनी सूचना दिल्यावर नवऱ्या मुलाचं होतं तसं. त्यातून ऊन अडवण्यासाठी काचेवर धातूचा पातळ थर. तो ऊन अडवतो आणि रेंजही. आमच्या जुन्या लाकडी खिडकीतून मात्र दोन्ही गोष्टी बिनदिक्कत आत येतात, शिवाय पाऊस.

लहरींचंही एक गणित आहे. जुन्या 900 मेगाहर्ट्झची लहर शाळेतल्या फूटपट्टीएवढी लांब. ती भिंतींमधून वाट काढत बरीच आत शिरते. 5जीची 3500 मेगाहर्ट्झची लहर चार बोटांएवढी. ती भिंतीपाशी दमते. आणि 26 गिगाहर्ट्झची तर हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिला झाडाचं पानही आड येतं. जितकी लहर आखूड, तितका तिच्यावर माल जास्त चढवता येतो, पण तितकी ती नाजूक. घरंदाज मुंबईकरासारखी, गल्ली ओलांडायला तयार नाही. म्हणून तिच्यासाठी गल्लीतच खांब शोधायचा. माझ्या मित्राच्या टॉवरमध्ये आता प्रत्येक मजल्यावर छताला छोटे डबे बसवायचं चाललंय. तोवर महत्त्वाचा कॉल आला की तो लिफ्टने चौतीस मजले उतरतो, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी उभा राहतो आणि शिंकत शिंकत बोलतो.

लालबागचं नाव निघालं की गणपती आलाच. गणेशगल्लीचं मंडळ 1928 चं, लालबागचा राजा 1934 चा, आणि आमच्या गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा गणपती 1893 चा, याची आम्ही लालबागकरांना दरवर्षी न चुकता आठवण करून देतो. त्या दहा दिवसांत लालबागला जेवढी माणसं उभी असतात, त्यांच्यासाठी कुठल्याही कंपनीने बाराही महिने यंत्रणा उभारून ठेवणं म्हणजे सत्यनारायणासाठी वर्षभर आचारी ठेवण्यासारखं आहे. अशा गर्दीच्या जागी कंपन्या चाकांवरचा टॉवर आणतात. गाडी येते, खांब वर काढते, काम झालं की खांब मिटून निघून जाते. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘काऊ’ म्हणतात. भाच्याच्या मते काऊ म्हणजे गाय. आमच्या पिढीत काऊ म्हणजे कावळा. आणि मला ते जास्त पटतं. काऊचं घर शेणाचं, पावसाच्या आधी उभं, नंतर गायब. चिऊचं मेणाचं, छोटंसं, पण जागच्या जागी. स्मॉल सेल म्हणजे ही चिऊ. दार उघड म्हटलं की “थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे” म्हणणारी, इतपत साम्य आमच्या मोरीमुळे मला जाणवलं.

रांगेत बारा तास उभं राहिलेल्या माणसाला पाच काड्या दिसतात तरी फोटो का जात नाही, हेही तेव्हाच कळलं. काड्या सांगतात की टॉवर तुम्हाला ऐकू येतोय. टॉवरला तुमच्यासाठी वेळ आहे, असं त्या सांगत नाहीत. दर्शनाच्या रांगेतल्या माणसाला हे मोबाइलवाल्यांनी समजावण्याची गरज नाही. समोर मूर्ती दिसतच असते.

2022 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने रस्त्यावरच्या सामानावर स्मॉल सेल लावून पाहायच्या चाचण्या घेतल्या. दिल्लीचा विमानतळ, कांडलाचं बंदर, बंगळुरूची मेट्रो आणि भोपाळ. मुंबई नाही. सभेत यावरून थोडी नाराजी झाली. मला मात्र ते योग्य वाटलं. गिरगावकर रंगीत तालमीला जात नाही, तो थेट प्रयोगाला जातो, तोही पास मिळाला तर.

आणि प्रयोग झालाच, तो जमिनीखाली. मेट्रो 3 ही साडेतेहेतीस किलोमीटर धावणारी गाडी; 27 पैकी 26 स्टेशनं भुयारात. ऑक्टोबर 2025 मध्ये ती आमच्या गिरगाव स्टेशनातून धावू लागली. भुयारात बाहेरच्या टॉवरचा आवाज पोचत नाही. तिथे लहान लहान अँटिनाच हव्यात, फलाटाला, बोगद्याला, जिन्याला. मग वाद सुरू झाला. मेट्रोचं म्हणणं, एका संस्थेने यंत्रणा बसवावी आणि सगळ्या कंपन्यांनी तिला भाडं द्यावं. कंपन्यांचं म्हणणं, भाडं फार आहे, आमची आम्ही बसवतो. इतकी आधुनिक गाडी, इतकं खोल भुयार, आणि खाली उतरून बघावं तर काय? घरमालक-भाडेकरू. जमिनीच्या पोटात खोल जाऊनही गिरगाव सुटत नाही. मला तर वाटतं, त्या वादात कुणीतरी “पागडी घ्या आणि मिटवा” म्हणायला पाहिजे होतं.

आमच्या खांबाचं काय झालं? डबा आला. एका सकाळी शिडी घेऊन दोन पोरं आली, राखाडी रंगाचा डबा खांबाला आवळला आणि चहा पिऊन गेली. अख्खी चाळ दिवसभर फोन हातात घेऊन गॅलरीत उभी. काडी हलेना. भाच्याला विचारलं तर म्हणाला, डबा नुसता तोंड आहे. घशासाठी फायबर हवी. फायबर रस्त्याखालून येणार. रस्ता खोदायचा तर परवानगी हवी. पावसाळ्यात रस्ता खोदत नाहीत आणि पावसाळा तोंडावर होता. पावसाळा संपला तेव्हा गणपती होते. गणपती संपले तेव्हा रस्त्याचं नुकतंच काँक्रीट झालं होतं आणि ते इतकं सुंदर दिसत होतं की खोदायला सांगायची आम्हालाच लाज वाटली.

तोवर डब्याने समाजात आपलं स्थान मिळवलं. समोरच्या इस्त्रीवाल्याने त्याच्या क्लँपला दोरी बांधली. एका कावळ्याने, म्हणजे खऱ्या काऊने, डब्यावर चार काड्या आणून ठेवल्या. सेक्रेटरी म्हणाले, “चला, चार काड्या तर आल्या.” मंडळाच्या फ्लेक्सखाली तो पूर्ण झाकला गेला, शेवटच्या चौघा शुभेच्छुकांनी तडजोड म्हणून आपले फोटो वर सरकवून घेतले होते.

मग एका रविवारी सकाळी, कुठलाही समारंभ न होता, घरातल्या घरात, कपाटापाशी, माझ्या फोनवर पाच काड्या उभ्या राहिल्या. फायबर शेवटी खालून आलीच नव्हती, केबलवाल्याने तीन गच्च्यांवरून ओढून आणली होती. मी बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, गादीवर, दाराआड सगळीकडे फिरून पाहिलं. पाच. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या खोलीत पाच. जिन्यात पाच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे अर्थातच पाच.

भाच्याचा फोन आला. “मामा, आवाज येतोय?”

“स्वच्छ.”

“घुमतोय मात्र. कुठे आहेस तू?”

मी आजूबाजूला पाहिलं. चौरंग, बंब, हंडा. फोन वाजल्यावर पाय आपसूक इकडेच वळले होते.

“मोरीत,” मी म्हणालो.

“आता कशाला मोरीत?”

काय उत्तर द्यावं याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात बाहेरून भांड्यांचा आवाज आला. “अहो, रेंज आली ना सगळ्या घरात? मग उठा आता तिथून. कालपासूनची भांडी पडलीत.”

“मामा, कोण बोलतंय?” भाच्याने विचारलं. “फार क्लिअर येतोय आवाज.”